ओवीखाली गिटार

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. प्रसारणात जिथे पेटी किंवा गिटार वाजवून दाखवली, तिथे कंसात तसं लिहिलं आहे.)



गेल्या महिन्यात याच वेळेला आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज गिटारबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटात गिटार आली तीसुद्धा कर्जाच्या वहीतूनच आली.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. त्यातल्या एका ताईंची धाकटी मुलगी तालुक्याला कॉलेजात जाते. मैत्रिणीची गिटार उसनी आणून, मोबाईलवर बघून बघून ती वाजवायला शिकली. मैत्रिणीने गिटार परत मागितली, तेव्हा ताईंनी मासिक बैठकीत साडेतीन हजार रुपये मागितले, एक जुनी गिटार विकत घ्यायला. आधी कोणी बोलेना. मग आमच्या एक काकू म्हणाल्या, "शिलाई मशीनला दिलं, शेळीला दिलं, मिरची कांडपाला दिलं. गिटार काय दूध देते का?" त्यावर ताई म्हणाल्या, "पोरीच्या साखरपुड्याला मागितले असते तर आत्तापर्यंत सह्या झाल्या असत्या." मग पुन्हा कोणी बोलेना. हात वर करून मोजलं तेव्हा सात जणी बाजूने, पाच विरुद्ध. दहा हप्ते ठरले, बाकीच्या कर्जांना आहे तेच व्याज, उशीर झाला तर तोच दहा रुपये दंड. एक हप्ता उशिरा आला, दंड घेतला. काकूंची नाराजी अजून गेलेली नाही, हे त्यांना विचारूनच सांगतो आहोत.

एक अट मात्र घातली होती. मुलीने गटाच्या कार्यक्रमात वाजवायचं. तिथून आजींची गोष्ट सुरू होते.

आजी म्हणजे आमच्यातल्या एकीच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या पडवीत जातं अजून आहे, लग्नाची हळद दळायला शेजारपाजारच्या येतात. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात याची मोजदाद त्यांनाही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’वर वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. आमच्या आजींकडे कोणी रेकॉर्डर घेऊन आलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एक चाल आहे, ती त्यांच्या आईची. गावात दुसऱ्या कोणाला ती येत नाही. सुनेने शिकायचा प्रयत्न केला, पण तिच्या तोंडून ती भजनासारखी होते, असं ती स्वतःच सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात आजींना आम्हीच आग्रह करून उभं केलं होतं. तिथे कीबोर्डवाल्याने मागे तयार ठेका लावला आणि भरभरून कॉर्ड वाजवायला सुरुवात केली. आजी दुसऱ्या ओळीला थांबल्या, माईक आमच्या हातात दिला आणि खाली उतरल्या. त्यानंतर त्या घराबाहेर गायल्याच नाहीत. त्यामुळे या वेळी गिटार घेऊन त्यांच्या पडवीत जाताना आमच्या पोटात गोळा होता. पुन्हा तसंच झालं असतं तर तिसऱ्यांदा विचारायला तोंड उरलं नसतं.

तर आता थोडं सुरांचं बोलू. आमच्यात संगीत शिकलेलं कोणी नाही. हे सगळं आम्ही भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडून आणि त्या मुलीकडून शिकलो, ते जसं समजलं तसं सांगतो.

काकांनी आधी आजींना एकट्यांनाच गायला सांगितलं आणि पेटीवर त्यांचा सा शोधला. तो पांढरी सहाला निघाला. तुमच्या देवळात पेटी असेल तर करून बघा. पांढरी सहाला सा धरा आणि एकही काळी पट्टी न दाबता नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा.

(इथे पेटी वाजते.)

हे जे ऐकलंत, त्यात ग, ध आणि नी हे तीन सूर कोमल आहेत. आपल्याकडे याला आसावरी थाट म्हणतात. गिटारवाले यालाच ए मायनर म्हणतात, ए म्हणजे आपली पांढरी सहा. भाषा दोन, पट्ट्या त्याच. आजी या सरगमीतले सगळे सूर घेत नाहीत. सा, रे, कोमल ग, म, कधीतरी प, आणि ओळ संपताना खाली कोमल नी ला जाऊन पुन्हा सा वर येतात. एवढ्यात सगळं गाणं.

कॉर्ड म्हणजे काय, तर एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा जास्त सूर. ते कसे निवडायचे? एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा घ्यायचा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला. सा-ग-प ही झाली एक कॉर्ड. रे पासून सुरू केलं तर रे-म-ध. असं सातही सुरांवर केलं की सात कॉर्ड मिळतात. मुलीने त्या सातही वाजवून दाखवल्या तेव्हा आम्हाला एक नवल वाटलं. या सरगमीला सगळे उदास म्हणतात, पण तिच्यातल्या तीनच कॉर्ड उदास आहेत, सा ची, म ची आणि प ची. ग, ध आणि नी यांच्यावरच्या तीन चक्क हसऱ्या आहेत. राहिलेली रे वरची, ती आखडून बसल्यासारखी वाटते. म्हणजे दुःखाच्या घरातसुद्धा निम्मी माणसं हसरी. काकू तेवढ्यात म्हणाल्या, "आपल्या घरासारखंच की."

(इथे सातही कॉर्ड एकामागून एक वाजतात.)

आता पडवीतला पहिला दिवस. मुलीने ए मायनर धरली, सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि आजींनी सुरुवात केली. दोन ओळी बऱ्या गेल्या. ओळ संपताना आजी खाली नी ला उतरल्या आणि दचकून थांबल्या. म्हणाल्या, "कुणीतरी पाय ओढला." आम्हीही ऐकलं होतं, काहीतरी करकरलं होतं, पण काय ते कळेना. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मोबाईलवर जे शिकलं तेच वाजवलं होतं.

चूक काकांनी पकडली. ओळ संपवून सा वर यायचं असलं की गिटारवर प वरची कॉर्ड वाजवायची पद्धत आहे, आणि तीत नी कोमल न ठेवता शुद्ध करतात. शुद्ध नी सा ला अगदी लागून असतो, तो सा कडे ओढतो, म्हणून घरी आल्यासारखं वाटतं. कोमल ग, कोमल ध आणि हा शुद्ध नी एकत्र आले की ती सरगम आपल्या कीरवाणीसारखी होते. पुष्कळ गाण्यांना ते शोभतंही. पण आजींच्या गळ्यात कोमल नी होता. त्यांनी कोमल नी लावला, त्याच क्षणी गिटारने शुद्ध नी लावला, तोही त्याच उंचीवर. दोन सख्ख्या शेजारणी एकाच दारातून एकदम आत शिरल्या तर जे होतं ते झालं.

आणि हे सुधारायला काय लागलं? एक बोट उचलावं लागलं, बस. गिटारच्या तारा बारीक तारेपासून मोजतात. तिसऱ्या तारेचा पहिला पडदा दाबला की शुद्ध नी मिळतो. बोट उचलून तीच तार मोकळी सोडली की कोमल नी. कॉर्डचं नाव बदलतं, ई सेव्हनची ई मायनर सेव्हन होते, पण नाव सोडा, ऐका.

(इथे दोन्ही कॉर्ड वाजतात, आधी बोट ठेवून, मग उचलून.)

दुसरीत ती ओढ नाही, हे खरं. सा वर आल्यावर दार धाडकन लागत नाही, लोटल्यासारखं होतं. आजींच्या चालीला तेच बरोबर आहे. जात्याची ओवी संपत नाही, पाळू फिरत राहते, पुढची ओवी त्याच फेऱ्यावर चढते.

दुसऱ्या दिवशी पाय कोणी ओढला नाही. आजी पूर्ण ओवी गायल्या. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हिची गिटारच आधी रडून घेते. मग मी कशाला गाऊ?"

ही तक्रार पहिलीपेक्षा अवघड होती, कारण कुठलाच सूर चुकलेला नव्हता. आम्ही तिघी-चौघी त्या रात्री ताईंच्या ओट्यावर बसून मोबाईलवरचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत होतो. शेवटी मुलीलाच सुचलं. ए मायनर कॉर्डमध्ये सा, ग आणि प आहेत. त्यातला सा आणि प तर तंबोऱ्यातही असतात, त्यांना सुख नाही, दुःख नाही. कॉर्ड उदास होते ती फक्त कोमल ग मुळे. आणि आजी काय करतात? सा वर थांबतात, रे वर रेंगाळतात, आणि मग हळूच, जड पाटी डोक्यावर घ्यावी तशा ग ला चढतात. त्यांचं सगळं दुःख त्या चढण्यात आहे. गिटारने पहिल्या झटक्यालाच ग वाजवून टाकला, तर आजींनी सांगायची गोष्ट गिटारने आधीच फोडली.

मग तिने ग काढून टाकला. तो दुसऱ्या तारेवर, पहिल्या पडद्यावर असतो. तेच बोट, तोच पडदा, फक्त शेजारची तार. बोट उचललं की ग जातो आणि ती मोकळी तार वाजते, ती असते रे.

(इथे दोन्ही वाजतात. आधी ग असलेली ए मायनर, मग बोट उचलून.)

ऐकलंत? दुसरी कॉर्ड उदास नाही, आनंदीही नाही. पावसाआधी आभाळ भरून येतं आणि पडत मात्र नाही, तशी आहे. तिच्यावर आजी ग ला चढल्या की तो ग फक्त त्यांचा असतो. शिवाय खाली रे वाजत असतो आणि वर आजींचा कोमल ग, दोघं अगदी लागून, एकमेकांना कोपर लागतं. काका आधी म्हणाले, हे घासतंय. मग दोनदा ऐकून म्हणाले, घासू दे. चिंचेचा कण जिभेला लागतो तसं ते घासतं.

याला गिटारवाले रंगीत कॉर्ड म्हणतात. सरळ तीन सुरांऐवजी चौथा, पाचवा सूर आत घ्यायचा किंवा एखादा वगळायचा, आणि उरलेले कुठल्या तारांवर, किती अंतरावर मांडायचे ते ठरवायचं. त्या मांडणीला व्हॉइसिंग असा शब्द आहे. सामान तेच, पण फोडणीत लसूण आधी टाकली की शेवटी, याने आमटी बदलते ना, तसं. मुलगी हेही शिकली की जाड तारांवर दोन सूर जवळजवळ ठेवले की नुसती घुमघुम होते आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज त्यात बुडतो. म्हणून ती आता जाड तारेवर एकटा सा ठेवते आणि बाकीचे सूर वरच्या बारीक तारांवर, मोकळे मोकळे.

मोकळ्या तारांवरून एक गंमत सांगायची राहिली. आम्हाला ही गोष्ट इतकी आवडली की बैठकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. गिटारला सहा तारा. पांढरी सहाला सा धरला, तर जाड तारेपासून त्या मोकळ्या तारा होतात प, सा, म, कोमल नी, रे आणि पुन्हा प. म्हणजे एकही तार आजींच्या सरगमीबाहेरची नाही, कुठलीही वाजली तरी शोभते. आणि या सहांत कोण नाही, बघा. ग नाही आणि ध नाही. आजींचा ग गिटारला मोकळा मिळतच नाही, बोट दाबूनच आणावा लागतो.

ध ची वेगळीच भानगड झाली. आजींच्या चालीत ध येतच नाही. पहिल्या ओवीला ते जाणवलं नाही. दुसरी ओवी भावाची आहे, तो न्यायला येतो ती. तिच्यात आजी एका ठिकाणी सा धरून बऱ्याच वेळ थांबतात. मुलीला वाटलं, इथे सूर तोच राहू दे आणि खालची जमीन हलवू. सा हा सूर आपल्या कॉर्डमध्ये असतो, तसाच म च्या आणि ध च्या कॉर्डमध्येही असतो. म्हणजे आजी एकच सा धरून उभ्या, आणि खाली गिटार एका कॉर्डवरून दुसरीवर जाते. पण ध घ्यायचा कुठला? कोमल की शुद्ध? आजी तर काहीच सांगत नाहीत. गिटार जो घेईल तो आजींच्या नावावर जमा होणार. बँकेत दुसऱ्याची सही करण्यासारखंच हे.

म्हणून दोन्ही वाजवून त्यांनाच विचारलं. आधी शुद्ध ध, म वरच्या कॉर्डमध्ये, म्हणजे डी मेजर. त्याने सरगम काफीच्या वळणावर जाते. आजी लगेच म्हणाल्या, "हे शिमग्याचं." मग कोमल ध, त्याच्यावर सा, ग आणि प. गिटारवर ती एफ मेजर सेव्हन, चार बारीक तारांवरच वाजते आणि आपल्या ए मायनरवरून तिथे जाताना ते ग चं बोट जागचं हलवावंसुद्धा लागत नाही. आजींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दारात कुणी येऊन उभं राहिल्यागत वाटलं."

(इथे पेटीवर सा धरून ठेवला आहे आणि खाली गिटारच्या दोन कॉर्ड बदलतात.)

ओवी भावाच्या येण्याची आहे हे मुलीला कळलेलं होतं की नुसतं जमून गेलं, आम्ही विचारलं नाही. या ठिकाणी ती ग सकट वाजवते, कारण आजी इथे ग ला जातच नाहीत, सा वरच असतात. जिथे आजी काही बोलत नाहीत तिथे गिटारने बोलावं, असं तिचं म्हणणं. आम्हाला पटलं. काकूंनाही पटलं, हे विशेष.

काहींना वाटेल, ओवीला हे सगळं कशाला? आमच्यातही दोघी असंच म्हणत होत्या. आपल्या गाण्याखाली कॉर्ड घालण्याचं काम काही आज सुरू झालेलं नाही. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ते गोव्याच्या वादकांनी वर्षानुवर्षं केलं. संगीतकाराने रागावरची चाल दिली की तिच्या मागे व्हायोलिनं, गिटार, ट्रंपेट काय वाजवतील ते सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं लिहून काढत. गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. १९५८ साली त्यांनी मुंबईत रागदारी आणि मोठा वाद्यवृंद एकत्र आणून कार्यक्रम केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये बच्चनच्या तोंडी जे नाव आहे ते या गुरूचं. आम्ही ते गाणं लग्नाच्या वरातीत इतक्या वेळा ऐकलं आणि ते एका खऱ्या माणसाचं नाव असेल असं कधी मनात आलं नाही.

पण विरोध करणाऱ्या दोघींचंही अगदी चूक नव्हतं. गिटारला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. सूर तिथे बांधलेला. आजींचा ग पेटीच्या ग पेक्षा किंचित खाली लागतो, आणि तो एका जागी थांबतही नाही. याच कारणावरून वाद होऊन, ज्या पेटीवर आपली सगळी भजनं चालतात तिला आकाशवाणीवर १९४० साली बंदी झाली होती, ती १९७१ साली सैल झाली. तीस वर्षं. काकांना हे माहीत होतं आणि त्याचा राग त्यांना अजून येतो, जणू त्यांचीच पेटी बाहेर ठेवली होती. आम्हाला विचाराल तर बंदी चुकीची, पण शंका खरी होती. आजींच्या ग शी भांडायचं नसेल तर पडद्यावरचा ग न वाजवणं हाच उपाय, आणि तो मुलीला आधीच सापडला होता.

तुमच्या गटात कोणाची मुलगी, सून, भाचा गिटार किंवा कीबोर्ड वाजवत असेल तर सांगतो. गाणारीला आधी एकटीला गाऊ द्या, निदान तीनदा, आणि वाजवणारीने तेव्हा वाद्याला हात लावू नये. सा कुठे आहे तो पेटीवर शोधा. नी कोमल की शुद्ध ते बघा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. गाणारीला कधीही "जरा वरच्या सुरात गा" म्हणू नका. आजींचा सूर रोज तोच नसतो, एखाद्या दिवशी काळी पाचला जातो. तेव्हा गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावायचा. आमच्याकडे तो नव्हता, पहिले काही दिवस पेन्सिल आडवी ठेवून वरून केसांच्या रबराने करकचून बांधली, चालतं तेवढ्यापुरतं. थंडीत आजींचा आवाज खाली येतो आणि दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी बसतो. तेव्हा मुलगी सहाही तारा सैल करून आजींना जुळवून घेते. पंधरा मिनिटं जातात. आजी तोवर तंबाखू मळतात.

आता तिसरी ओवी. ही आजींनी स्वतः बांधलेली आहे, त्यांच्या थोरल्या लेकीची. ती बाळंतपणात गेली, चाळीस वर्षं झाली. ही ओवी त्या कोणासमोर गात नव्हत्या, सुनेनेही फक्त पहाटे दळताना ऐकलेली. दुसरी ओवी संपल्यावर एक दिवस त्या न थांबता तिच्यात शिरल्या. मुलगी गोंधळली, तिने जे हाताला लागलं ते वाजवलं, आपलं ते ग नसलेलंच. कोणी काही बोललं नाही. आजींचं गाऊन झालं, त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेबरोबर निरोप पाठवला. गाणार आहेत, रेडिओवरही चालेल. फक्त पोरीला सांगा, तिसऱ्या ओवीला तिने हात थांबवायचा, पण गिटार खाली ठेवून उठायचं नाही. मांडीवर घेऊन बसून राहायचं.

हे रेकॉर्डिंग त्यांच्या पडवीतच केलंय, मधे कोंबड्याचा आवाज येईल, तो आम्ही काढलेला नाही. पहिल्या दोन ओव्यांना गिटार आहे. ऐका.

(यानंतर आजींच्या तीन ओव्या प्रसारित झाल्या.)